टायर नवाच होता, फक्त सात वर्षांचा

मे २०२३ मध्ये टोमॅटोला किलोमागे दोन रुपयेसुद्धा मिळत नव्हते. क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात न्यायचे, तोडणी, भाडं, हमाली वजा करायची आणि उरलेला आकडा घरी सांगायची लाज वाटायची. काहींनी तर माल रस्त्याच्या कडेलाच ओतला. नेमके त्याच महिन्यात माझ्या पिकअपचे टायर टकले झाले. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरची आडवी पट्टी असते ना, तिच्या बरोबरीला रबर आलं होतं. पावसाळा तोंडावर आणि शेतातून डांबरीवर यायला आमच्याकडे दीड किलोमीटर काळी माती. टायर बदलणं भागच होतं.

गाडीला कंपनीतून येतो तसलाच साधा माल-वाहतुकीचा टायर घेतला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला ‘ऑल टेरेन’, म्हणजे कसल्याही वाटेवर चालणारे टायर हवे होते. मोठमोठ्या रबरी गुट्ट्यांचे, बाजूने दात असलेले. चिखलातून गाडी निघेल हे घरी सांगायचं कारण, खरं कारण म्हणजे ते दिसायला जबरदस्त दिसतात. डीलरकडे विचारलं तर २१५/७५ आर १५ मापाला नगामागे साडेसात हजार, म्हणजे चार नगांचे तीस हजार. मेहुण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला : पुण्याच्या बाजूला एक दुकान, तसलाच टायर, ४,८००.

गेलो. दुकान मोठं होतं, टायरांच्या थप्प्या छतापर्यंत. शेठने एक टायर घरंगळत आणून समोर उभा केला. काळाकुळकुळीत. वर रबराचे बारीक केस, मधोमध रंगीत पट्टे, एक स्टिकर. मी हात फिरवला तर बोटं काळी झाली. तेव्हा वाटलं, नवीन माल आहे, रंग सुटणारच. आता कळतं की कोऱ्या टायरवरून हात फिरवला तर धूळ लागते, काळं पॉलिश लागत नाही.

“इम्पोर्टेड आहे,” शेठ म्हणाला. “२०२० पासून सरकारनं बाहेरचे टायर आणणं अवघड केलंय. आमच्याकडे आधीचा लॉट होता, त्यातले हे शेवटचे नग.”

यातली सरकारची गोष्ट खरी आहे. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून तर मला पटलं. पण लॉट जर २०२० च्या आधीचा असेल, तर २०२३ मध्ये तो टायर कमीत कमी तीन वर्षांचा झाला, हे साधं गणित तिथं उभं राहून मला सुचलं नाही. रोज क्रेटचे हिशोब तोंडी करणारा माणूस मी. त्याने खोटं बोलून फसवलं असं म्हणावं, तर वय त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

टायरवर ‘एम+एस’ अशी अक्षरं होती. हे काय, म्हणून विचारलं. “मिलिटरी स्पेशल,” शेठ म्हणाला, जराही न अडखळता. ती अक्षरं ‘मड अँड स्नो’ची, म्हणजे चिखल आणि बर्फ. आमच्या ओतूरला बर्फ पडला तर उपयोगी पडेल.

मग चहा आला. चहा संपेपर्यंत पोराने दोन टायर डिस्कवर चढवलेसुद्धा. सगळी मेख या घाईत होती, हे नंतर कळलं. बॅलन्सिंग फुकट, अलाइनमेंट फुकट, जुने चार टायर ८०० रुपयांत वजा. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, टायरला २८ टक्के जीएसटी आहे, उगाच कशाला भरता. ‘एस्टिमेट’ छापलेला एक कागद दिला. त्यावर गाडीचा नंबर नाही, टायरचा नंबर नाही, नुसतं ‘टायर ४ नग’. दहा हजार रोख दिले आणि ८,४०० मोबाइलवरून पाठवले. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुठल्याशा बाईच्या नावावर गेले, तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

दीड महिना गाडी रुबाबात फिरली. आवाज जास्त यायचा, डिझेल थोडं जास्त जायचं, ते गृहीतच होतं. काळ्या मातीत मात्र काही विशेष फरक पडला नाही. आपली माती त्या गुट्ट्यांच्या मधे घट्ट बसते आणि दहा फेऱ्यांत टायर पुन्हा गोलमटोल.

मग जुलै आला आणि टोमॅटोने सगळ्यांची तोंडं बंद केली. नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. मे महिन्यात ज्यांनी बाग उपटून टाकली नव्हती त्यांच्या घरी दिवाळी. माझ्याकडे माझा आणि चुलत्याचा मिळून माल होता, सत्तर क्रेट. सकाळी निघालो. पाऊस भुरभुरत होता, वेग चाळीसचाही नसेल. मागचा डावा टायर फुटला. गाडी आधी बसली, मग कलली, दोर तुटला आणि वरच्या थरातले क्रेट साइडपट्टीवर. गाडीतल्या आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही. बावीस क्रेटचा लगदा झाला. त्या दिवशीच्या भावाने चव्वेचाळीस हजारांच्या वर. टायरात वाचवले होते १०,८००, जुन्या टायरांचे ८०० वेगळे. बावीसमधले अकरा क्रेट चुलत्याचे होते. त्यांनी एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

स्टेपनी लावून कसंबसं पंक्चरवाल्याकडे पोचलो. त्याने फुटलेला टायर डिस्कवरून उतरवला, आतली बाजू वर केली आणि खिशातून खडूचा तुकडा काढून रबरावर आडवा घासला. काळ्यावर काळी असलेली अक्षरं पांढरी होऊन वर आली.

“दादा, याची जन्मतारीख बघितली होती का?”

लांबट गोलात चार आकडे : ३५१६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. मी ‘नवा’ टायर घेतला तेव्हा तो सात वर्षांचा व्हायला तीन महिने कमी होते. हे चार आकडे बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असतात, आणि माझ्या चारही चाकांवर ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे. उरलेले तीन उतरवले. एक ३५१६, एक १११७, आणि चौथ्यावर आकड्यांच्या जागी नुसतं घासलेलं, बोटाला खरखरीत लागणारं. गुट्ट्यांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा होत्या. पॉलिश धुऊन गेल्यावर त्या उघड दिसत होत्या.

पण नुसत्या वयाने तो फुटला नव्हता. मापाच्या पुढे छोट्या अक्षरात १०० लिहिलेलं होतं. हा वजनाचा सांकेतिक आकडा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००. नंतर मी तेवढेच सत्तर क्रेट भरून फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घेतली. १,८६० किलो. म्हणजे एका टायरवर ९३०. शिवाय टायरच्या बाजूवर लिहिलेली हवेची कमाल मर्यादा ५१ पीएसआय, आणि मी जुन्या सवयीने ६० भरत होतो. तो टायर पिकअपचा नव्हताच, माणसं बसवून फिरायच्या गाडीचा होता. माप तेच, म्हणून डिस्कवर बसला. आयएसआयच्या शिक्क्यावर आकडा १५६३३, तो कारच्या टायरांचा. माझ्या स्टेपनीवर १५६३६ आहे, तो व्यापारी वाहनांचा. एका आकड्याचा फरक, आणि तो वाचायला पंक्चरवाल्याच्या मोबाइलची बॅटरी आणि खडू लागला.

दुकानात परत गेलो तेव्हा शेठ शांत होता. “वापरलेला दिला का मी? नाही. गोडाऊनला पडून होता, चाललेला नाही, म्हणजे नवाच की.” मग म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड भरला. मग म्हणाला, हा टायर आमचाच कशावरून? या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते २८ टक्के वाचवताना पक्क्या बिलाचा पुरावाच तर विकून आलो होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. ओळखीच्या एका वकिलाने सांगितलं की धंद्याची गाडी म्हणून ग्राहक आयोग लगेच हाकलत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यात सोय आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. पुरावा म्हणून त्या ८,४०० च्या मोबाइल नोंदीला त्याने किंमत दिली, ‘एस्टिमेट’कडे बघून हसला. मी त्या वकिलाच्या नावाने दुकानाला नोटीस पाठवली. आठ दिवसांत दुकानातून फोन : तीन टायर आणून द्या, सहा हजार घ्या, कागदावर सही करा.

घेतले. तोडणी चालू होती, तारखांना जायला माणूस नव्हता, आणि भाव पुढच्या आठवड्यात काय असेल कुणी सांगावं. नवे टायर डीलरकडून घेतले, साधे, पक्क्या बिलावर. चढवायच्या आधी चारही नग जमिनीवर आडवे टाकून दोन्ही बाजू खडू घासून वाचल्या. तिथला पोरगा हसत होता, हसू दिलं. सगळ्यांत जुना चार महिन्यांचा निघाला.

सही करून निघताना शेठच्या पोराने माझे ते तीन टायर आत नेले. गाडी वळवताना आरशात बघितलं, तर एकावर पाइपने पाणी मारत होता आणि बाजूला पॉलिशचा डबा उघडा होता. मी काही बोललो नाही, सहा हजार खिशात होते. २१५/७५ आर १५, वजनाचा आकडा १००, एकावर ३५१६, एकावर १११७, एकावर घासलेलं. कुणाच्या तरी गाडीखाली असतील, आकड्यांची बाजू आत करून.