निपी की चिली?

थंडीसाठी इंग्रजीत ही दोन्ही विशेषणं चालतात, पण ती एकमेकांच्या जागी डोळे मिटून ठेवू नयेत.

‘चिली’ म्हणजे अंगाला नकोसा वाटणारा गारठा. हवा, खोली, पाणी, कशालाही हा शब्द लागतो. बातम्यांत, पत्रात, गप्पांत कुठेही शोभतो. माणसांनाही लागतो: ‘चिली रिसेप्शन’ म्हणजे कोरडं, थंड स्वागत. (मिरचीसाठीच्या इंग्रजी शब्दाचा उच्चारही तोच, मूळ मात्र पार वेगळं: तो शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आला.)

‘निपी’ मला जास्त आवडतो. ‘निप’ म्हणजे चिमटा काढणं, हलकेच चावणं. म्हणून सकाळी दार उघडताच नाकाकानांना झोंबणारी हवा ती निपी. आपली ‘बोचरी थंडी’ याच्या अगदी जवळची. चिलीला ‘गार’ पुरेसं. ‘इट्स अ बिट निपी टुडे’ हे वाक्य शेजाऱ्याशी बोलताना छान वाटतं, औपचारिक अहवालात मात्र खटकतं. हाडं गोठवणाऱ्या कडाक्यालाही निपी म्हणू नये, तो शब्द तिथे तोकडा पडतो.

आणखी एक: ब्रिटिश इंग्रजीत ‘निपी’ म्हणजे चपळही. ‘निपी लिटल कार’ ऐकलंत तर गाडी थंड आहे असं समजू नका, ती चटकन वेग घेते.