‘१८६०ची मुंबई’ विकत घेण्यापूर्वी

१८६०च्या सुमारास टिपलेल्या मुंबईची म्हणून मला विकलेली चोवीस स्टिरिओ कार्डे (एकाच दृश्याची दोन चित्रे शेजारी शेजारी चिकटवलेले पुठ्ठे; स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणातून पाहिले की दृश्याला खोली येते) अलीकडे छापलेल्या नकला निघाल्या आणि माझे १८,७५० रुपये बुडाले: १२,००० आगाऊ, ६,४०० माल रवाना झाल्यावर आणि वर ३५० कुरिअरचे. विक्रेत्याने व्हिडिओ कॉलवर एक अस्सल कार्ड दाखवले आणि पार्सलात भलतेच भरले. जुन्या वस्तूंच्या बाजारातली ही चलाखी काही नवी नाही.

सलते ते वेगळेच. त्याने आधी पाठवलेल्या फोटोंत पुठ्ठा बाकदार असल्याचे स्पष्ट दिसत होते. बाकदार पुठ्ठे १८८०च्या आसपास रूढ झाले; १८६०च्या कार्डांचा पुठ्ठा सपाट असतो. व्यवहार तेथेच मोडायला हवा होता. परंतु जुन्या निगेटिव्हवरून पुढे नव्या पुठ्ठ्यांवर कार्डे निघत असत, हेही तितकेच खरे असल्याने मी शंका गिळली, आणि माझ्या जागी कोणताही जाणकार संग्राहक कदाचित हेच करता.

स्टिरिओस्कोपमध्ये कार्ड घातले, तर चित्र पाटीसारखे सपाट! खऱ्या जोडीत दोन चित्रे किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेली असल्यामुळे जवळची वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत थोडी सरकलेली दिसते आणि त्यातूनच खोली जाणवते. येथे बैलगाडीचे चाक डाव्या आणि उजव्या दोन्ही चित्रांत मागच्या खांबाच्या त्याच रेषेत होते. एकच चित्र दोनदा छापले होते. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले. अल्ब्युमिन प्रिंटमध्ये, म्हणजे त्या काळी अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर काढलेल्या फोटोत, ठिपके नसतात, कागदाचे तंतू दिसतात. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला, म्हणजे कागद विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. हा दिवा जवळ बाळगाच, आणि दोन्ही चित्रांचा समोरून काढलेला मोठा फोटो हाती आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले, “फोटो मिळाले ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या अधिकाऱ्याने तर शंभर वर्षांपूर्वीची वस्तू विकत घेण्याचा परवाना माझ्याकडे होता का, अशी उलटतपासणी सुरू केली. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद केली, तेव्हा माल पोचला असल्याने हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे असे सांगितले गेले. ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता हवा, आणि पार्सलावरचा पत्ता खोटा. पत्ता शोधणे पोलिसांचे काम, म्हणून पुन्हा त्याच ठाण्यात गेलो, तर तेथील साहेब बंदोबस्तावर. बँकेचे उत्तर एका ओळीचे: पिन तुम्हीच टाकलात. पोलिसांनी तक्रार अजून नोंदवून घेतलेली नाही, आणि तो गृहस्थ दुसऱ्या नंबरावरून तोच ‘संग्रह’ २२,००० रुपयांना विकत आहे.