पहिल्या दिवशी काय तपासायला द्यायचं: लिबरऑफिस की फायरफॉक्स नाइटली?

इंदूरच्या राजेंद्रनगरात दर रविवारी आम्ही सहा-सात जण जमतो आणि अजून बाहेर न आलेलं मुक्त सॉफ्टवेअर वापरून बघतो. निवृत्त मंडळी, गृहिणी, दोन कॉलेजची मुलं; प्रोग्रामिंग कुणालाच येत नाही. तुम्हालाही असा गट जमवायचा असेल, तर सुरुवात लिबरऑफिसच्या (पत्रं, याद्या, हिशेब करायचं मुक्त सॉफ्टवेअर) बीटापासून, म्हणजे बाहेर येण्याआधी तपासायला दिलेल्या आवृत्तीपासून करा.

फायरफॉक्स नाइटली, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरची चाचणीसाठीची आवृत्ती, बसवायला सोपी. रोजच्या फायरफॉक्सपेक्षा तिची प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग ठेवायची जागा) वेगळी, त्यामुळे जुन्या बुकमार्कना धक्का लागत नाही. पण ती दिवसातून साधारण दोनदा बदलते. रविवारी दिसलेली चूक मंगळवारी नसली, की नवख्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. शिवाय पान नीट दिसलं नाही, तर दोष ब्राउझरचा की वेबसाइटचा, हे कळायला सराव लागतो. (बँकेचं काम तिच्यात करू नका, हे आधीच बजावा.)

लिबरऑफिसची बीटाही जुन्या आवृत्तीशेजारी वेगळी बसते. त्यानंतर येणारी आरसी (रिलीज कँडिडेट, जवळपास अंतिम आवृत्ती) मात्र जुन्या आवृत्तीच्या जागी बसते, तेव्हा ती नवख्यांच्या हाती देऊ नका. मुख्य फरक असा, की इथे तपासायला आपलेच कागद असतात: गणपतीच्या वर्गणीची यादी, हळदीकुंकवाचं आमंत्रण. आमच्यातल्या एका काकूंनी भजनी मंडळाच्या फाइलची प्रत दोन्ही आवृत्त्यांत उघडली, पीडीएफ काढली, ‘दुसऱ्या’ हा शब्द त्यात शोधून सापडतो का पाहिलं, मग भिंग घेऊन ‘ऱ्या’चा आकार न्याहाळला. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला ते कसं दिसणार?

लिनक्सची (विंडोजसारखी, पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) बीटा पेनड्राइव्हवरून चालवता येते, पण ती पुढे कधीतरी.

अडचण दोन्हीकडे एकच: बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, इंग्रजीत नोंदवावा लागतो. आम्ही जोड्या लावतो. काकू तीन गोष्टी वहीत लिहून सांगतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कॉलेजचा मुलगा ते इंग्रजीत उतरवतो, आणि कुणी आधीच नोंदवलंय का, हेही शोधतो. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर आम्ही वही परत देतो.

लिबरऑफिसची मोठी आवृत्ती फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. २०२४ पासून क्रमांकही तसाच, वर्ष आणि महिना: २४.२, २४.८. ऑगस्टवाल्या आवृत्तीची बीटा जूनच्या सुमारास मिळते, म्हणून गट मे महिन्यातच जमवा. बीटा आल्यावर पहिल्या रविवारी फक्त ती बसवणं आणि फाइलींच्या प्रती काढणं, एवढंच ठेवा.