लोट्याच्या मुलाखतीसाठी चिपळूणचा क्लास: ब्युरेट हातात देतात, पगाराचं मात्र शिकवत नाहीत

बीएस्सी केमिस्ट्री किंवा आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा) ट्रेड झाला, की खेड, चिपळूण, गुहागर, दापोलीकडच्या मुलांची पहिली मुलाखत बहुधा लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होते, नाहीतर महाड-रोह्याला. त्या मुलाखतीची तयारी करून घेणारा एक छोटा क्लास चिपळूणच्या बाजारपेठेत चालतो. सहा रविवार, सकाळी ९ ते १, फी ₹३,५००, बॅचला बारा मुलं. शिकवणारे सर आयुष्यभर क्यूसीत (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) काम करून निवृत्त झालेले.

क्लासची खरी किंमत तिसऱ्या रविवारी कळते. टेबलावर स्टँड, ५० मिलीची ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजमापाची काचनळी), बीकर आणि फनेल ठेवलेलं असतं. सर नाव पुकारतात आणि एवढंच म्हणतात, "भर."

"सर, आधी धुतो."

"कशानं?"

"पाण्यानं. मग जे द्रावण भरायचं त्यानंच."

"पाण्यानं धुतल्यावर पुन्हा द्रावण कशाला वाया घालवायचं?"

इथे निम्मी मुलं गप्प होतात. काचेला चिकटलेलं पाणी द्रावण पातळ करतं, हे प्रत्येकानं कॉलेजात केलेलं असतं, पण तोंडानं कधी सांगितलेलं नसतं. केमिकल कंपनीच्या मुलाखतीत मुलं अडकतात ती नेमकी इथे. प्रॅक्टिकल हातात असतं, पण ते तोंडात येत नाही. हा क्लास दोन रविवार फक्त त्यावर घालवतो, आणि ते योग्यच आहे.

हमखास येणारा प्रश्न म्हणजे ०.१ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं, म्हणजे नॉर्मॅलिटीचं माप) कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, एक लिटर कसं बनवशील. "४ ग्रॅम घेऊन एक लिटर करायचं" हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धं आहे. कॉस्टिक हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजन केलेले ४ ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक नव्हे. म्हणून अंदाजे बनवायचं आणि ओव्हनमध्ये सुकवलेल्या केएचपीनं (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) प्रमाणित करायचं, म्हणजे खरी तीव्रता काढायची. केएचपी ०.४०८४ ग्रॅम घेतलं, तर ०.१ नॉर्मल कॉस्टिक बरोबर २० मिली लागायला हवं. दर्शक फिनॉल्फ्थॅलीन, रंगहीन ते फिकट गुलाबी. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की शेवट आला. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो, म्हणून घाबरून आणखी थेंब घालायचा नाही.

चुकांचे प्रश्न सर विशेष चांगले घेतात. ब्युरेटच्या तोटीत बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन (थेंब-थेंब द्रावण घालून मोजणं) चालू असताना निघून गेला, तर त्याची जागा भरणारं कॉस्टिकसुद्धा रीडिंगमध्ये मोजलं जातं, फ्लास्कमध्ये न पडता. रीडिंग जास्त येतं आणि नॉर्मॅलिटी कमी निघते. फनेल वर तसंच विसरलं, तर त्याच्या दांड्यातले थेंब ब्युरेटमध्ये गळतात, रीडिंग कमी येतं आणि नॉर्मॅलिटी जास्त निघते. "एरर येईल सर" एवढं सगळेच म्हणतात. चूक कुठल्या दिशेला जाईल हे सांगणारा मुलगा मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.

पीएच मीटर क्लासमध्ये एकच आहे, तोही जुना, आणि बारा जणांना पुरत नाही. तरी बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) ७ नं सुरुवात, मग ४ किंवा ९.१८, स्लोप (इलेक्ट्रोड किती नीट प्रतिसाद देतो ते) ९५ ते १०५ टक्क्यांत, इतकं प्रत्येकाकडून करून घेतात. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात का ठेवत नाहीत, हे मात्र घाईत सुटतं. त्याच्या आतल्या द्रावणातले आयन पाण्यात झिरपत जातात आणि रीडिंग भरकटायला लागतं, म्हणून तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवतात. वहीत हे लिहून घ्या, कारण क्यूसीच्या मुलाखतीत ते विचारलं जातं.

प्रॉडक्शनला जाणाऱ्यांसाठी चौथा रविवार सेफ्टीचा आहे, आणि तो आणखी वाढवायला हवा. टोल्यूइन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेटू शकते) ४ अंश सेल्सिअस, मिथेनॉलचा साधारण ११. आकडे पाठ होतात, अर्थ सुटतो. लोट्यात ऐन थंडीतही पारा ४ वर उतरत नाही, म्हणजे तिथे उघड्या टोल्यूइनवरची वाफ बाराही महिने पेट घेऊ शकते. कमी आहे ती फक्त ठिणगीची, आणि ती सॉल्व्हंट पाइपमधून वाहताना साठणाऱ्या स्थिर विजेतूनही मिळते. म्हणून ड्रमला अर्थिंगची क्लिप, सॉल्व्हंट वरून धबाधबा न ओतता तळापर्यंत गेलेल्या पाइपनं भरणं, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून घन-द्रव वेगळं करणाऱ्या यंत्रात) ऑक्सिजन कमी ठेवायला नायट्रोजन. ही साखळी सलग सांगता आली, तर पुढचे तीन प्रश्न आपोआप सुटतात.

टाकीत उतरण्याच्या परवान्याचा प्रश्नही असाच. ऑक्सिजन किमान १९.५ टक्के हवा, ज्वलनशील आणि विषारी वायू तपासलेले हवेत, बाहेर एक माणूस सतत उभा हवा. मग विचारतात, "आतला माणूस कोसळला तर?" कोकणातला मुलगा विहिरीत पडलेल्याला बघून उडी मारणारा; तो सरळ म्हणतो, "मी आत जाऊन काढीन." हे उत्तर त्याला घरी पाठवतं. आधी अलार्म, मग श्वसनाचं साधन लावलेली बचावाची माणसं. एकामागोमाग एक उतरून दोघं-तिघं जातात ते याच चुकीमुळे, आणि मुलाखत घेणारा तेच तपासत असतो.

आता कमजोर बाजू. पहिल्या रविवारी इंग्रजीतली स्वतःची ओळख पाठ करून घेतात, बाराही जणांची एकाच साच्यातली. एकाच बॅचची दोन मुलं एका कंपनीत गेली, की दुसऱ्याच्या तिसऱ्या वाक्याला समोरच्याला उमगतं. नाव-गाव, शिक्षण, प्रोजेक्टमध्ये काय केलं, कुठल्या विभागात काम करायचंय आणि का, अशी स्वतःची पाच वाक्यं पुरतात. अडलं तर मराठीत सांगू का, असं नीट विचारलं तर लोट्यात सहसा कुणी तोडत नाही.

शिफ्टच्या प्रश्नालाही क्लास "येस सर" एवढंच शिकवतो. रात्री ११ ते सकाळी ७ ची सी शिफ्ट चालेल म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो, "येणार कसा?" गाव गुहागरच्या आत असेल आणि शेवटची एसटी संध्याकाळीच जात असेल, तर खेडला किंवा लोट्यातच खोली घेण्याचं आधी घरी ठरवून जा आणि तसं सांगा. कंपनीची बस हायवेवर कुठे थांबते, हेही विचारून ठेवा.

सगळ्यात मोठी उणीव पगाराची. मुलं सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आकडा ऐकून हो म्हणतात. महिन्याला ₹२०,००० सीटीसी आणि त्यात बेसिक ₹१२,००० धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ₹१,४४०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ₹५७७, आणि ईएसआयसीचे (कामगार आरोग्य विम्याचे) कंपनीचे ३.२५ टक्के म्हणजे ₹५६६ याच आकड्यातून वजा होतात. उरलेल्या ₹१७,४१७ मधून तुमचा पीएफ ₹१,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे ₹१३१ आणि मुलग्यांचा व्यवसाय कर ₹२०० जातो. हातात येतात सुमारे ₹१५,६५०. त्यातून खोलीचं भाडं जायचं असेल, तर कॅन्टीन आणि बस फुकट आहे का, आणि नोकरी कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराकडे, हे विचारण्यात कमीपणा नाही. हा हिशेब शिकवायला अर्धा तास पुरे. सर पैशाचं बोलणं टाळतात आणि मुलांचं नुकसान होतं.

कागदपत्रांची फाइल मात्र ते नीट लावून घेतात. वर बायोडेटा, मग पदवी किंवा ट्रेडचं प्रमाणपत्र, सेमिस्टरच्या क्रमानं मार्कशीट, आधार, पॅन, फोटो, आणि झेरॉक्सचे दोन वेगळे संच. पावसाळ्यात मूळ कागद झिपच्या प्लास्टिक पाकिटात. २२ जुलै २०२१ चा पूर बघितलेल्या गावात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही, पण डिजिलॉकरमध्ये मिळतात ते कागद उतरवून ठेवायला ते अजून सांगत नाहीत. ते घरीच करा.

फोनवरच्या पहिल्या फेरीची तयारीही इथे होत नाही. ज्यांच्या वाडीत रेंज एका खिडकीतच येते, त्यांनी वेळ मागून घेऊन रेंजच्या जागी बसावं, कागद-पेन जवळ ठेवून.

फी भरण्याआधी एक रविवार फुकट बसू देतात. तो तिसरा मागून घ्या. पहिल्या रविवारी ब्युरेट कपाटातच असते.