मुक्त गोठा का बांधीव गोठा? दहा गायींचा हिशोब

विट्याच्या आमच्या दाजींनी १० एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, संकरित-विदेशी दुधाळ जातीच्या) गायींसाठी गोठा बांधायला काढलाय आणि आता मुक्त (कुंपणात गायी मोकळ्या) करू का बांधीव (गायी दावणीला बांधलेल्या) यातच अडकलेत, म्हणून लिहितोय.

जागा बघा आधी. मुक्त गोठ्यात एका गायीला साधारण ४० चौरस फूट सावली नि ८० चौरस फूट उघडी जागा, म्हणजे १० गायींना सव्वा गुंठा तरी धरा. बांधीव त्याच्या निम्म्यात बसतो. पण खर्च उलटा, मुक्तला जाळीचं कुंपण, गव्हाण, पाण्याचा हौद नि थोडं पत्र्याचं शेड एवढंच, बांधीवला सगळा कोबा नि सगळंच छप्पर.

खरा फरक कष्टात. बांधीव म्हटलं की रोज शेण काढणं, पाणी दाखवणं, सोडबांध, माणूस अडकतोच. मुक्तमध्ये गाय मनाला येईल तेव्हा पाणी पिते, दुधात ८५ टक्क्यांवर पाणीच असतंय की! माजावर आलेली (गाभण राहायला तयार) गाय पण लगेच दिसते, एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी, तेवढ्या दिवसांचा चारा फुकट. खुरं पण चालून झिजतात, वाढत नाहीत.

तोटा? शिंगाळ गाय गरीब गायीला खाऊ देत नाही, आणि पावसात चिखल झाला की कासदाह (कासेला सूज) आलाच.

म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत, विटा असल्या कमी पावसाच्या भागात जागा असली तर डोळे झाकून मुक्त. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात, किंवा गावठाणात दोन-चार जनावरं असतील तर बांधीवच बरा. दाजी, तुमचा मुक्तच, फक्त जाळीच्या कडेनं शेवरी (चाऱ्याचं झाड) लावा.