अंजन आणि स्टायलोचं बी: पिशवी घेण्याआधी माळ बघा

उजाड झालेल्या कुरणासाठी बी मागितलं की दुकानदार दोन पिशव्या पुढे करतो, अंजन गवत आणि स्टायलो हमाटा हे द्विदल चारापीक. मुरमाड, निचऱ्याच्या माळावर दोन्ही चालतात. पण बऱ्याच माळांना त्यांची गरजच नसते.

ऑगस्ट-सप्टेंबरात बांबूची एक मीटर चौरस चौकट वीस ठिकाणी टाकून बघा. बहुतेक जागी पवन्या, मारवेल किंवा अंजनाचे दोन-तीन जिवंत ठोंब सापडले तर पैसे खिशातच ठेवा. जून ते ऑक्टोबर जनावरं माळाबाहेर ठेवली की ही गवतं आपणच बी टाकतात. नुसती कुसळी, तरोटा, गाजरगवत आणि मधे उघडा मुरूम असेल, तर मात्र पेरल्याशिवाय इलाज नाही. राखणीची सोय नसेल तरीही घेऊ नका. गायरानावर तिथंच घोडं अडतं, कोवळं अंजन शेळ्या मुळासकट उपटतात.

स्टायलोला पाचपैकी चार गुण. द्विदल असल्यामुळे चाऱ्यात प्रथिनं येतात. खोट एकच, बियांचं कवच टणक. रात्रभर शंभर दाणे पाण्यात ठेवा. सकाळी जे फुगले नाहीत, खड्यासारखेच राहिले, ते पहिल्या पावसाला उगवणार नाहीत. त्यासाठी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत वाळवा. उकळत्या पाण्यात सोडलं तर बी शिजतं. रायझोबियम (द्विदलाच्या मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) चोळायचं ते वाळल्यानंतर, आधी नाही.

अंजनाला तीनच गुण. बी उत्तम असलं तरी पिशवीत भुसा किती, हे बाहेरून कळत नाही. केसाळ बोंडं तळहातावर रगडा. पन्नास बोंडांतून किती दाणे निघतात ते मोजा. निम्मी पोकळ निघाली तर पिशवी परत करा. काढणी कधीची तेही विचारा. ताजं बी सुप्तावस्थेत असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढलेलं पुढच्या जूनला बरं उगवतं. हे बी हलकं, वाऱ्यावर उडतं, म्हणून चौपट ओल्या मातीत कालवून टाकावं लागतं.

एकरी दोन किलो अंजन आणि दीड ते दोन किलो स्टायलो पुरतं. सगळा माळ नांगरू नका, उतारावरची माती पहिल्याच सरीला ओढ्याला जाते. उताराला आडवी, दोन-अडीच फुटांवर उथळ तासं काढा. एकरी ५० किलोची दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट खत तासात द्या, स्टायलोला त्याची ओढ असते. जमीन चांगली भिजल्यावर बी वरवर टाकून बाभळीची फांदी ओढली की झालं. एक सेंटीमीटरच्या खाली गेलेलं बी बहुधा वर येत नाही. उगवण फसली की बियाण्याला नावं ठेवतात, चूक बहुतेक वेळा खोलीचीच असते.

काळ्या, पाणी तुंबणाऱ्या जमिनीत दोन्ही पिशव्या वाया. तिथं मारवेलचे मुळासकट ठोंब ५० सेंटीमीटरवर लावा, एकरी साधारण १६ हजार लागतात.

पहिल्या वर्षी बी गळू द्या, मग विळ्यानं कापून चारा घरी न्या. पावसाळ्यात हिरव्या स्टायलोला गाय फारसं तोंड लावत नाही, तेवढ्यावरून बी खराब ठरवू नका. दिवाळीनंतर बाकी गवत वाळलं की ती आपणहून तिकडे वळते.