डबल सायकल बॅग: दीड वर्ष वापरल्यावर

आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवीनला राहतो, गाडी नाही आणि एवढ्यात घ्यायचा विचारही नाही, त्यामुळे महिन्याचं वाणसामान सायकलवरच येतं. पहिलं वर्ष मी हँडलला पिशव्या अडकवून काढलं. मग एकदा पिशवी पुढच्या चाकात गेली आणि दही, कोथिंबीर नि मी असे तिघंही लाल सायकल ट्रॅकवर आडवे, मागून एक डच आजी आल्या, बेल वाजवली आणि बाजूने निघून गेल्या. त्याच आठवड्यात ही बॅग घेतली.

४५ युरोला पडली. ताडपत्रीसारखं कापड, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकते, कुंभाराच्या गाढवावर गोणी टाकावी तशी. आट्याची १० किलोची पिशवी एका बाजूला मस्त उभी बसते, वर मेथीची जुडी पण राहते. पण भरताना डोकं लावायला लागतं, साइड स्टँड डावीकडे असतो, तर जड सामान आधी डावीकडेच टाका, मी उजवीकडे आटा ठेवून तेलाचा कॅन उचलायला वळलो तर सायकल दुकानाच्या दारात लोळत होती. शेवटी दोन पायांचा स्टँड बसवून घेतला, तो खर्च वेगळा.

तांदळाची २० किलोची गोण आत जात नाही, विसरा. ती कॅरिअरवर आडवी टाकून रबरी पट्ट्यांनी आवळायची, इथे त्याला स्नेलबाइंडर म्हणतात, हुक हातातून सुटला तर बोटावर असा बसतो की आई आठवते. माझ्या कॅरिअरवर २५ किलो असं कोरलंय म्हणून तांदूळ आणायचा त्या दिवशी बाकी काही घेत नाही. आणि उलटं पेडल मारायचा ब्रेक असेल तर एवढ्या वजनाला जरा आधीपासूनच मारायला लागा.

आता तक्रार. वॉटरप्रूफ म्हणून विकलीय, कापड आहेही वॉटरप्रूफ, पण वरच्या झाकणाच्या कडेने पाणी आत जातं आणि तळाला बाहेर जायला वाटच नाही. नोव्हेंबरात घरी येऊन बघतो तर पोहे भिजून तयार, नुसती फोडणी द्यायची बाकी होती. आता आत कचऱ्याची मोठी पिशवी लावतो. माझा बूट ४५ नंबरचा, टाच बॅगला लागायची, बॅग जरा मागे सरकवून बांधल्यावर थांबलं.

बाकी वजनाला चांगली पण आकाराला नाही. टॉयलेट रोलचा मोठा पॅक जात नाही, इथले लोक तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने सायकल चालवतात, मला नाही जमत. गणपतीच्या मखराला पुठ्ठे आणले तेव्हा तर ते वाऱ्यात शिडासारखे फुगले, सायकल हातात धरून चालतच आलो.

जाताना मात्र रिकाम्या बाटल्या नि कॅन भरपूर मावतात, मोठ्या बाटलीचे २५ सेंट, कॅनचे १५ परत मिळतात, कोथिंबीर त्यातच निघते.

पाचपैकी साडेतीन. एक बक्कल तुटलंय, तिथे सध्या जुन्या पायजम्याची नाडी बांधलीय.